या म्हणायचं राहिलं

आटपाडीच्या साळूबाईचा नवरा आकाराम ट्रकवर होता. तो आणि साळूबाईचा थोरला भाऊ नाथाजी डाळिंबं भरून पार बांगलादेशाच्या हद्दीपर्यंत जायचे. शेजारच्या देशांनी एकमेकांच्या मालाला दारं उघडायची, अशी त्या नव्वदच्या सालांत भाषणं झडत होती. दारं उघडली म्हणे, उंबऱ्यावर मात्र ट्रकांची ही रांग! माल हद्दीवरच पलीकडच्या गाडीत चढायचा, आणि नंबर लागेपर्यंत डाळिंबांनी आणि माणसांनी उन्हात सुकायचं. त्याच रांगेत आकारामला ताप भरला आणि तो गेला. नाथाजीनं तिथंच अग्नी दिला.

साळूबाईला खात होतं ते वेगळंच. निघताना आकाराम उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "येतो गं." आपल्याकडे 'जातो' कुणी म्हणत नाही, आणि 'येतो' म्हणणाऱ्याला घरातल्यानं 'या' म्हणायचं असतं. पण पोरीला बघायला पाहुणे येणार आणि हा चालला फेरीला, म्हणून आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. साळूबाई पाठ करून भाकरी थापत राहिली. तो जरा थांबला, मग गेला.

आता रोज दिवेलागणीला उंबऱ्यातून तिला ऐकू यायचं, "येतो गं." तोच तंबाखू धरलेला आवाज. या म्हणावं, तर शेजारची सुलाबाई दटावायची, "मेल्या माणसाला या म्हणू नगंस बाई, घरात शिरंल." न म्हणावं, तर बिचारा दारात ताटकळलेला. भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त त्याची दया यायची. बाई वाळून काडी झाली.

शेवटी तिनं भावाला धरलं. "दादा, जिथं ह्यांना ठिवलंस तिथवर मला ने."

"याड लागलं का तुला? लय लांब हाय ते."

पण नेलं बापड्यानं.

हद्दीवर ट्रक रिकामा झाला. पलीकडचा एक दाढीवाला म्हातारा हमाल घाम पुसत तिच्यापुढं आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आशी, मा."

"काय म्हंत्यात?"

"निघालाय. येतो म्हणतोय," नाथाजी म्हणाला. "ह्यांच्यातबी जातो म्हणत न्हाईत."

साळूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हातारा उभाच होता.

"या," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "या! घरला या!" आणि रांगेतल्या साऱ्या ड्रायव्हरांदेखत भडभडून रडली. म्हातारा मान हलवून आपल्या देशात गेला.

नाथाजीनं केबिनचं दार उघडलं. "खिडकीशी बस, वारं लागंल."

साळूबाई आत सरकून मधे बसली. पदर आवरून तिनं खिडकीकडची जागा मोकळी केली.

"दार जरा दमानं लाव दादा," ती म्हणाली. "ह्यांना बसू दे."