किल्लेदार पाठव

आमच्या दोन घरांत अबोला होता आणि माझं लग्न ठरलं होतं. नवरा वाशिंदचा, कारखान्यात कामाला, माणसं चांगली. अडचण एकच होती, मला सख्खा भाऊ नाही. लग्नात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो, आणि माझा भाऊ म्हणजे काकांचा मुलगा, दादा. तो शेजारच्याच घरात राहत होता. मधे फक्त कुडाची एक भिंत, पण तिच्यापलीकडे आमच्या घरची पत्रिका गेली नव्हती आणि जाण्याची लक्षणंही नव्हती.

भांडण बांधावरून झालं होतं. बांध कोणी सरकवला हे मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगते, त्या दोघांनाही माहीत नसावं. हट्टाच्या बाबतीत बाबा आणि काका एकाच माळेचे मणी. अबोला मोडायचा तर आमच्याकडे रीत ठरलेली आहे. ज्याला मोडायचा त्याने दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन पाणी मागायचं. मागितलं की त्याच्या अख्ख्या घराने नमतं घेतलं असं गाव धरतं. मग कोण कशाला उठतो?

दादा आणि मी मात्र मुरबाडला बोलायचो. गावात समोरासमोर आलो तर तोंड फिरवायचं आणि मुरबाडच्या स्टँडवर एका बाकावर बसायचं, असा आमचा कारभार. तो तिथे एका वर्कशॉपमध्ये होता, मी शिवणक्लासला जायचे. गावाकडे जाणारी धसईची गाडी येईपर्यंत आम्ही स्टँडमागच्या रसवंतीत पत्ते मांडायचो.

हे पत्ते बावन्नातले नव्हेत. लहानपणी माझ्या मामाने कल्याणच्या बाजारातून एक फाटकं खोकं आणलं होतं. आत परदेशी चित्रांचे पत्ते: किल्ले, भुतं, वाघ, पाण्यातल्या बायका. नियमांचं चोपडं इंग्रजीत होतं. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून नियम आम्हीच केले. पत्त्यांच्या चार भावक्या पाडल्या. गडवाले तटामागे बसून समोरच्याला दमवतात. पाणवाले उभे पत्ते वाहून नेतात. रानवाले पालथे पडतात, उलटल्याशिवाय ससा आहे की वाघीण ते कळत नाही. आणि भुतावळ मेली तरी परत येते. ज्याच्या दरवाजातून समोरच्याचा पत्ता आत शिरला तो हरला. काही पत्ते हरवले तेव्हा आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून नवे केले, आणि मग नव्या करामतींचे पत्ते करायचा आम्हाला नादच लागला.

अबोला सुरू झाला तेव्हा पत्त्यांचीही वाटणी झाली. रान आणि भुतावळ दादाकडे गेली, गड आणि पाणी माझ्याकडे आलं. डाव खेळायचा तर दोघं लागायचे, आणि त्यामुळेच आमचं बोलणं टिकलं.

लग्न जवळ आलं तशी मी दादाला धारेवर धरलं. "तुझ्या बापाला सांग ना काय तरी."

"तू तुझ्या बापाला सांग," तो म्हणाला. "मी तुमच्या ओटीवर आलो तर आमचा बा मला घरात घेणार नाय."

"आणि मी तुमच्या ओटीवर आले तर माझा बाप काय ओवाळंल मला?"

त्याने रसाचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "डाव मांडू. हरंल त्यानं पाणी मागायचं."

माझं डोकं तापलेलं होतं. तापलं की मी कशालाही हो म्हणते. मी म्हटलं, मांड.

त्याने खिशातून एक नवा पत्ता काढला. आमचा नियम असा की नवा पत्ता आधी वाचून दाखवायचा आणि समोरच्याने 'चालंल' म्हटलं की मग रडायचं नाही. पत्त्याचं नाव होतं सावड. भाताच्या लावणीला आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही, ती सावड. पत्ता ज्याच्या हाती येईल त्याने समोरच्याचा कुठलाही एक पत्ता नाव घेऊन एका खेळीपुरता मागायचा. पुढे समोरचा बोलावील तेव्हा त्याने मागितलेला पत्ता पाठवायचा. नाही म्हणता येणार नाही.

"चालंल," मी म्हटलं. गडवाल्यांना उसनी ताकद मिळत असेल तर वाईट काय?

दादाने माझ्या दरवाजासमोर तीन पत्ते पालथे टाकले. त्यातला एक वाघीण असणार हे मला माहीत होतं. कोणता, ते नव्हतं. चुकीच्या पत्त्यावर हात टाकला असता तर तट गेला असता. तेवढ्यात आमच्या गावचा एक म्हातारा रस प्यायला आला. आम्ही दोघं पत्त्यांवर ओढणी टाकून दोन दिशांना बघत बसलो. त्याने सावकाश रस संपवला, आमच्याकडे बघितलं आणि गेला. उद्या गावात काय उठेल ते दिसत होतं, तरी मी ओढणी काढली.

सावड माझ्या हाती आली. मी म्हटलं, "वाघीण पाठव."

दादाला पत्ता उलटावाच लागला. मधला होता. त्याच्याच वाघिणीने मी त्याचे उरलेले दोन्ही पत्ते खाल्ले. समोर रान मोकळं झालं. मी पाणवाले सगळे पुढे काढले, दरवाजावर एकटा किल्लेदार ठेवला. पुढच्या खेळीत त्याचा दरवाजा वाहून जाणार होता. मनातल्या मनात मी दादाला आमच्या ओटीवर उभासुद्धा केला.

वाघीण त्याच्याकडे परत गेली. त्याने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"सावड फेड," तो म्हणाला. "किल्लेदार पाठव."

मी सावडीचं देणं विसरले नव्हते. मला वाटलं होतं, तो माझी सवड बघून मागेल. पण ज्याच्या खाचरात चिखल तयार तो थोडाच थांबतो? त्याला गरज पडली की तो हाक मारतो, आणि आपली रोपं उन्हात टाकून जावं लागतं. जन्मभर लावणी केलेल्या घरातली मी, आणि एवढं मला कळू नये! मी किल्लेदार दिला. उघड्या दरवाजातून वाघीण आत आली.

गाडीत आम्ही नेहमीप्रमाणे लांब लांब बसलो.

गावात उतरले ती सरळ काकांच्या ओटीसमोर गेले. काका दोरी वळत बसले होते. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. मी ओटीवर चढले आणि म्हटलं, "काकू, पाणी दे गो."

काकू आतून बाहेर आली आणि काकांकडे बघत तिथेच थांबली. काकांनी मान वर केली नाही. "तुमच्या हंड्याला भोक पडलं काय?"

एरवी मी असं उत्तर दिलं असतं की दोन पिढ्या लक्षात ठेवतील. पण त्या दिवशी मी मागायला आले होते. "काका, मला भाऊ नाय. माझ्या ओंजळीत लाह्या कोण घालंल?"

काका दोरी वळत राहिले. दारात उभ्या दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता काका मला हाकलणार, असंच मला वाटलं. मग काकांनी दोरी खाली ठेवली, आत गेले आणि स्वतः तांब्या घेऊन आले. मी प्यायले, अर्धं पाणी अंगावर सांडलं.

आमच्या ओटीवरून बाबांनी सगळं बघितलं होतं. मी घरात शिरले तेव्हा एवढंच म्हणाले, "मान खाली घालायला लावलीस." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. एक अबोला मोडून मी दुसरा घरात आणला होता. आईने हळदीकुंकू लावून पत्रिका काकांकडे नेली, तिला बाबांनी अडवलं नाही, हो पण म्हटलं नाही. हळद लागली तरी ते माझ्याजवळ आले नाहीत. दादा मांडवात आला आणि बाबांनी त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढलं तर, या एकाच भीतीने मला जेवण जात नव्हतं.

दादा आला. नव्या शर्टात, काकांच्या मागे. भटजींनी भावाला बोलावलं तसा तो पुढे झाला. लाह्या घालताना अर्ध्या त्याने खालीच सांडल्या. बाबा माझ्या मागेच उभे होते, ते हलले नाहीत. मग कानपिळी आली. दादाने नवऱ्याच्या कानाला नुसतं बोट लावलं आणि बिचकून बाबांकडे बघितलं.

"अरे, नीट पीळ की!" बाबा म्हणाले. "भाऊ हायस ना तिचा?"

दादाने कान असा पिळला की नवरा ओरडला. सगळे हसले. मी मुंडावळ्यांआड हमसून रडत होते, आणि बाबांचा हात माझ्या पाठीवर होता.