भाड्याचा सूट आणि डावा पाय

लाखनीला हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. तिथल्या काउंटरमागे धनंजय अकरा वर्षांपासून उभा आहे, आणि तो काउंटर चांगला छातीइतका उंच आहे ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सोय. बेअरिंगचा नंबर विचारा, ब्रेक लायनरचा विचारा, मान न वळवता सांगेल. पण एखादा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, जरा ट्रकजवळ येऊन पाहून घे," की याला नेमकं आतलं काहीतरी काम आठवतं. कारण बाहेर आलं की चालावं लागतं, आणि चाललं की डावा पाय दिसतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या जांघेत गाठ आली, थंडी वाजून ताप भरला. ताप उतरला, पण डाव्या पोटरीची सूज काही उतरली नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, हत्तीरोग. गावात दरवर्षी त्याच्या गोळ्या वाटतात. वाटणाऱ्या बाईंसमोर धनंजय गोळी जिभेखाली धरायचा आणि बाईंची पाठ फिरली की नालीत थुंकायचा. निम्मं गाव तेच करतं म्हणा. पण गाठ याच्याच जांघेत आली.

सकाळी सूज बेताची असायची, ढिल्या पँटीत लपून जायची. संध्याकाळपर्यंत उभं राहून राहून पाय भरून यायचा. आई रुखमाबाई सोडली तर ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. आणि ही रुखमाबाई अशी घाबरट, की दोरीवर वाळणारे त्याचे मोजेसुद्धा ती पदराआड उचलून आणायची.

अशात बत्तिसाव्या वर्षी त्याचं लग्न जुळलं. मुलगी दिघोरीची, गुंजन, अंगणवाडीत मदतनीस. मुलगी पाहायला गेला तेव्हा हा गडी पाय टेबलाखाली घालून बसला तो उठेपर्यंत हललाच नाही. लोकांना वाटलं, मुलगा मोठा शांत आहे. पुढे फोनवर बोलणं सुरू झालं आणि गुंजनच्या हसण्याने त्याचं पार पाणी झालं. जितकी ती आवडत गेली तितकी भीती वाढत गेली. "सांगू का तिले?" असं त्याने आईला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा रुखमाबाईने हातच जोडले. "एकदा अक्षता पडू दे रे बाप्पा, मंग सांगजो का सांगायचं ते."

तेवढ्यात गुंजन म्हणाली, "तुमी सूटच घाला बरं. माह्या लेहंग्यासंग फोटो मस्त येतीन."

झालं! धनंजयने कुर्ता-पायजमा घालायचं मनात पक्कं केलं होतं. आता भाड्याच्या दुकानातून निळा थ्री-पीस आणावा लागला, आणि हल्लीच्या सुटांच्या पँटी कशा असतात ते सांगायला नको. मोहरी इतकी अरुंद, की धडधाकट पायही कष्टाने आत जावा. शिवाय दुकानवाल्याची अट होती, उसवा, दाबा, काय ते करा, पण कैची लावायची नाही. सूट परत द्यायचा आहे.

लग्नाला तीन दिवस उरले असताना तो भल्या सकाळी भय्याजी शिंप्याकडे गेला. बसस्टँडच्या मागे त्यांची टपरी, भाड्याच्या सुटांची सगळी दुरुस्ती त्यांच्याकडेच यायची. साठी उलटलेला माणूस, बोलणं कमी, टेप कायम गळ्यात. कोटाचं काम सोपं होतं. खांदा बरोबर बसत होता, पाठीत सैल होता, तिथे त्यांनी खडूने दोन रेघा मारल्या.

"आता पँट घाल," भय्याजी म्हणाले.

"पँटीचं काही नाई जी. दोनी पाय जरा ढिले करून द्या, झालं."

"घातल्याबिगर कसं समजन मले?"

"माप सांगतो ना मी."

भय्याजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पडद्याआड बोट दाखवलं.  उठून पळावं असंही धनंजयच्या मनात आलं, पण लग्नाआधी सूट तर हवाच होता. पडद्याआड त्याने पँट चढवली. उजवा पाय सरकन गेला. डावा पोटरीशी अडकला. त्याने ओढलं, तशी शिवण कुरकुरली, आणि तो तसाच एका पायावर घामाघूम होऊन उभा राहिला.

भय्याजींनी पडदा सारला. खाली बसले, पोटरीभोवती टेप फिरवला, मग घोट्याभोवती.  धनंजयला वाटलं, आता हा माणूस बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर सांगणार, दुपारपर्यंत लाखनीभर होणार, आणि संध्याकाळपर्यंत दिघोरीला फोन जाणार.

"लगन किती वाजता हाय?"

"साडेसहाले."

"मंग आता सकाळचं माप घेऊन काय फायदा? सायंकाळी ये, पाय भरल्यावर."

धनंजय पँट बदलून दुकानाकडे निघाला. इतकी वर्षं आपण लपवलेली गोष्ट या माणसाने पाच मिनिटांत ओळखली, वर तिची वेळही ओळखली. दिवसभर दुकानात त्याने दोन गिऱ्हाइकांना चुकीचा माल दिला.

संध्याकाळी तो गेला तेव्हा भय्याजींनी डाव्या पायाच्या दोन्ही बाजूंची शिवण उसवून आतलं मार्जिन होतं तेवढं सगळं बाहेर काढलं होतं. भरलेल्या पायावर पँट चढवून, टाचण्या लावून त्यांनी कच्चे टाके घातले, मग ती उतरवून घेऊन मशीन मारली, इस्त्री फिरवली. मग उजवी मोहरीही त्याच मापाला आणली.

"पाह्य आता."

धनंजयने पूर्ण सूट चढवून आरशात पाहिलं. निळ्या सुटात एक ताठ, उंच, देखणा नवरदेव उभा होता. दोन्ही पाय सारखे. त्याने दोन पावलं टाकली, वळून पाहिलं, पुन्हा टाकली. काही दिसत नव्हतं! तीन वर्षांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि तो वेड्यासारखा हसला.

भय्याजी दोरे वेचत होते. वर न बघताच म्हणाले, "अन् पाय धुतानी काय करशीन बाबू?"

धनंजयचं हसू जागच्या जागी मेलं.

दोन महिने त्याने सगळ्याचा विचार केला होता. बूट एक नंबर मोठा घेतला होता, मोजे जाड घेतले होते, फोटोत उजवी बाजू पुढे ठेवायची हेही ठरवलं होतं. आणि भर मांडवात सासरा नवरदेवाचे पाय परातीत घेऊन धुतो, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बहीण डिंपलच्या लग्नात बाप नव्हता म्हणून जावयाचे पाय यानेच धुतले होते, तरी! भिणारा माणूस एकाच भोकाला बूच लावत बसतो, बाकी भांडं गळतंय हे त्याला दिसत नाही.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. चारशे लोकांसमोर मोजा उतरणार, कुणीतरी किंचाळणार, सासरे सुखराममामाजी परात सोडून उठणार, गुंजन सगळ्यांदेखत रडणार. तिचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. सकाळी आईला न सांगता त्याने गाडी काढली आणि दिघोरी गाठली.

अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. सुखराम, गुंजनचे वडील, खड्डे खणत होते. जावई अवेळी आलेला पाहून ते उभे राहिले. धनंजयने काही प्रस्तावना केली नाही, करता आली नसती. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली.

"मामाजी, मले हत्तीरोग हाय. तीन वर्षं झाले. डॉक्टर म्हणते, मच्छरानं होते, लेकरांले जात नाई. पन तुमाले सांगतलं नोतं. लगन मोडाचं असन तं आताच मोडा."

सुखराम पायाकडे बघत राहिले. दारात गुंजन येऊन उभी होती, तिनेही पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"आनखी कोनाले मालूम हाय?"

"आईले. अन् शिंप्याले."

"जा आता," सुखराम म्हणाले. "ऊन होऊन राहिलं."

चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. गुंजनला त्याने दिवसभरात सहा फोन केले, एकही उचलला गेला नाही. रुखमाबाईने कपाळ बडवून घेतलं. "तुले काहून इतकी घाई सुटली होती रे!" पण लग्न मोडल्याचाही निरोप येईना. मग करणार काय? लग्नाच्या दिवशी बरात निघाली. गाडीत सगळे नाचगाण्यात, आणि नवरदेव निळ्या सुटात मढं बसवल्यासारखा. वेशीवरूनच हाकलतील, असं त्याला वाटत होतं. वेशीवर ओवाळलं. मग मांडवात बोलवून अपमान करतील, असं वाटलं. मांडवात खुर्ची दिली. "सूट काय फिट बसला भाऊ!" असं ज्याने त्याने म्हणावं आणि याने त्याच्या तोंडाकडे टकामका पाहावं. सुखराम त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. अक्षता पडल्या, अंतरपाट सरला, गुंजनने हार घातला, पण नजर खालीच.

हार झाले. मग परात आली.

शकुनबाई, गुंजनची आई, तांब्या घेऊन उभी राहिली. सुखराम पाटावर बसले. धनंजयने बूट काढले, उजवा मोजा काढला. डावा सुजलेल्या पायात असा रुतला होता की निघता निघेना. शेवटी सुखरामनीच तो ओढून काढला. भरलेल्या पायावर मोज्याचा खोल वळ उमटला होता.

"अगा बाई! नवरदेवाचा पाय तं पाह्य!" मागून कुणीतरी म्हणालं. कुजबुज सगळ्या मांडवात पसरली. खुर्च्या सरकल्या, मोबाइल वर झाले. धनंजयने डोळे मिटून घेतले.

सुखरामनी डावा पाय आधी परातीत घेतला. पाणी पडलं. मग टॉवेल फिरू लागला, आणि तेवढ्यात शेजारून गुंजनचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाबा, बोटांच्या मधातबी पुसा. पानी राह्यलं का जखम होते म्हने. काल गोळ्या वाटनाऱ्या आशाताईले विचारलं मी."

मागची बाई गप्प झाली. सुखराम खाली मान घालून एकेक बोट वेगळं करून पुसत राहिले. डॉक्टर आणि शिंपी सोडले तर त्या पायाला तीन वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. धनंजय भर मांडवात, चारशे लोकांसमोर, लहान पोरासारखा रडला. सुखरामनी पाय पुसून हलकेच पाटावर ठेवला आणि हात पुढे केला.

"हं, जावईबापू. उजवा द्या आता."