नाहूरचा न हलणारा चंद्र

चंद्र ओळखता येत नाही असा आमच्या घराण्यात मी पहिलाच.

बाकी सगळ्यांना येतो. आई ऐंशीला टेकलीय, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तरी तिला येतो. माझा धाकटा भाऊ अनिल, ज्याला शाळेत डावं-उजवं कळत नव्हतं, त्यालाही येतो. मी मात्र चंद्रावर भाषण करतो!

आईचं आणि पौर्णिमेचं जुनं नातं आहे. ती मालवणकडची. पुनवेला समुद्राला उधाण येतं तसं माणसाच्या डोक्यालाही येतं, हे तिचं ठाम मत. पुरावा म्हणून ती बाबांचं उदाहरण देते. बाबा गिरणीत होते तेव्हा पौर्णिमेला हमखास कोणाशी तरी भांडून घरी यायचे. (इतर दिवशीही यायचे, पण ते आई धरत नाही.) चंद्रावर ससा आहे याबद्दल तर तिला तिळमात्र शंका नाही. माणूस चंद्रावर उतरल्याचं कळलं तेव्हा चाळीतले सगळे टाळ्या वाजवत होते आणि आईने एकच विचारलं होतं म्हणे, "सशाक काय केल्यानी नाय मां?"

वर्षभरातल्या सगळ्या पौर्णिमांमध्ये तिची लाडकी कोजागिरी. त्या संध्याकाळी आई आपल्या थोरल्या मुलाला चंद्राच्या साक्षीने ओवाळते. थोरला म्हणजे मी. नवा कुर्ता, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, आणि वर दुधात चंद्र पाहून ते दूध प्यायचं. माझं वय आता पंचावन्न आहे, डोक्यावर अक्षता टिकतील एवढे केस नाहीत, पण आईच्या लेखी त्याने काही फरक पडत नाही. अनिलला मात्र पडतो. "पन्नास वर्षं झाली, मला एकदा तरी ओवाळ ना गं," असं तो दर कोजागिरीला म्हणतो. आई म्हणते, "तू आधी जन्माक येवक होया होतंस."

यातली एकच गोष्ट काळजीची. चंद्र बघून मला ओवाळेपर्यंत आई अन्नाचा कण तोंडात घालत नाही. पूर्वी ते चालून जायचं. आता तिला साखर आहे. "उपाशी ठेवू नका," असं डॉक्टरांनी मला बजावलंय आणि "डॉक्टरांका काय कळता?" असं आईने डॉक्टरांना बजावलंय.

तर दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. आम्ही नाहूरला राहतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम ठरला आणि सेक्रेटरी पेडणेकरांनी मला गाठलं.

"सावंत, तुम्ही कॉलेजात कविता करायचात ना? चंद्रावर दोन शब्द बोला."

दोन शब्द! मी आठवडाभर तयारी केली. विषय ठेवला, 'चंद्र : लोककथा, मनुष्यस्वभाव आणि साहित्य'. आरशासमोर हातवारे बसवले. माझी बायको सुनीता पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तिने एकदाच विचारलं, "अहो, यात दूध कधी प्यायचं?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. आईने ताट मांडलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. सुनीताने घरचं मसाला दूध एका तांब्यात आणलं, आईसाठी बिनसाखरेचं. मी नवा कुर्ता घातला आणि चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्यात मी कवी वाटत नाही, बँकेतला वाटतो. (मी बँकेतलाच आहे.)

पण चंद्र कुठाय? पूर्वेला दोन टॉवर उभे राहिलेत. आदल्या कोजागिरीला ते आमच्या कमरेएवढे होते, वर्षभरात आभाळाला भिडले. सगळे माना वर करून बघतायत. आईचं ताट हातात. पेडणेकर घड्याळ बघतायत. आणि तेवढ्यात मला दिसला! टॉवरच्या कडेला, वर, गोल, दुधाळ, किंचित पिवळसर!

"तो बघा! आला!"

टाळ्या पडल्या. पेडणेकर वहिनींनी तर चटकन हात जोडून टॉवरच्या दिशेने अक्षताही टाकल्या.

पेडणेकर डोळे बारीक करून म्हणाले, "जरा खाली नाही वाटत?"

"उगवता चंद्र खालीच असतो हो."

"पिवळा पण आहे जरा."

"शरद ऋतूतला आहे ना!"

"डाग कसे दिसत नाहीत?"

"पेडणेकर," मी करुणेने म्हणालो, "ज्याला सौंदर्य बघायचंय त्याने डाग शोधू नयेत."

वहिनींनी नवऱ्याला कोपर मारलं. मी घसा साफ केला आणि सुटलो.

काय बोललो त्या दिवशी! ससा सांगितला, हरीण सांगितलं. चंद्र बघून कोल्हे का रडतात, प्रेमिक का जागतात, दर्या का फुगतो, सगळं सांगितलं. कवींनी साऱ्या जगातल्या सुंदर चेहऱ्यांना चंद्र म्हणून चंद्राचं केवढं नाव केलं, यावर तर मी रंगूनच गेलो. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, मांडीवर ताट. मधेच तिने हळूच हाक मारली.

"झिला."

"आई, थांब ना जरा."

"अरे, हो चंद्र हलणा कसो नाय?"

गच्चीवर खसखस पिकली. मी मात्र त्या क्षणी भारावलो. खरंच की! मी एवढा वेळ बोलतोय आणि चंद्र जागचा हललेला नाही! (माझं भाषण ऐकायला चंद्र थांबलाय, असं मला मनापासून वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.)

"आई, तुम्ही ओवाळून घ्या ना मग," सुनीता म्हणाली.

"नाय. हलांदे आधी. मगे ओवाळतंय."

म्हणजे आई उपाशी, ताट तसंच, आणि मी आणखी जोरात. शेवटाकडे आलो. दोन्ही हात टॉवरकडे पसरले.

"मित्रहो, राजे गेले, राज्यं गेली, गिरण्या गेल्या! पण हा चंद्र अमर आहे! हा कधीही विझणार नाही!"

आणि चंद्र विझला.

मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यावर एक गॅलरी. गॅलरीत छताला टांगलेला भला मोठा गोल दिवा. आणि आतल्या खोलीच्या उजेडात एक बाई, पदर खोचून, स्टुलावर चढलेली. दिवाळीची साफसफाई सुरू होती. तिने ओल्या फडक्याने चंद्र पुढून पुसला, मागून पुसला, फडकं पिळलं, स्टुलावरून उतरली आणि बटण दाबलं.

चंद्र पुन्हा लागला. आधीपेक्षा लख्ख दिसत होता.

मग जो हशा उठला! पेडणेकर पोट धरून टाकीला टेकले. वहिनी म्हणाल्या, "अगो बाई, माझ्या अक्षता!" सुनीता माझ्याजवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, लग्नाआधी तुम्ही माझ्या चेहऱ्याला चंद्र म्हणायचात ना? नीट बघून म्हणाला होतात ना?"

तेवढ्यात अनिलचा फोन. तो दिंडोशीला राहतो.

"दादा, चंद्र बघितलास? काय दिसतोय यार! डोंगरावर आलाय, एकदम झकास. ससा पण दिसतोय!"

"आमच्याकडे टॉवरमागे आहे," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

"मग आईला व्हिडिओ कॉलवर दे ना, मी दाखवतो. आणि ओवाळून पण घेतो, काय!"

आईला फोन दिला. आईने स्क्रीनकडे एकदा पाहिलं. "मोबायलातल्या चंद्राक ओवाळूक माका खूळ लागूक नाय. पुनव तुमका लागली हा," म्हणाली आणि फोन परत दिला.

फोन घेताना मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं हसू, माझी लाज, सगळं एकदम पळालं. आईच्या कपाळावर घाम होता. सकाळपासून पोटात काही नाही, आणि हा चंद्र टॉवरवरून डोकं काढेपर्यंत मध्यरात्र होणार.

"आई, निदान चमचाभर दूध घे. माझं ऐक."

"तुझा ऐकून इतको वेळ बसलंय मां?"

मी चमचा खाली ठेवला.

"रेल्वेवरच्या पुलावर जाऊ या," सुनीता म्हणाली. "मी रोज येते ना तिथून. पूर्वेची बाजू सगळी मोकळी आहे. चला, उठा!"

आम्ही निघालो. आईच्या हातात ताट, सुनीताच्या हातात निरांजन आणि काडेपेटी, माझ्या हातात दुधाचा तांब्या. रिक्षा मिळाली.

"किधर?"

"पूल पे. चाँद देखना है," मी म्हणालो.

रिक्षावाल्याने आरशातून माझा कुर्ता, कपाळावरचा घाम आणि तांब्या न्याहाळला. "पूनम को ऐसा सवारी मिलता है," तो स्वतःशीच म्हणाला आणि मीटर टाकला. आईने समाधानाने मान हलवली. तिचं मत आज आणखी एकाला पटलेलं होतं.

पहिला खड्डा आला आणि पाव तांब्या माझ्या कुर्त्यावर. दुसरा खड्डा, आणखी पाव. केशर, वेलची, पिस्ते, सगळं छातीवर. तिसऱ्या खड्ड्यानंतर मी तांब्याच्या तोंडावर पंजा ठेवला, तर दूध बाहीतून आत गेलं.

पुलाचा चढ संपला आणि रिक्षावाल्याने आपण होऊन ब्रेक मारला.

समोर चंद्र होता. खरा. खाली रुळांच्या चमकत्या रेघा, पलीकडे विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत दिवे, आणि त्या सगळ्यांच्या वर तो एकटा, डागांसकट, सशासकट. एवढा मोठा आणि एवढा शांत. आठवडाभर ज्याच्यावर बोलायची तयारी केली त्याला मी कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आयला!"

साहित्यात चंद्राचं एवढं थोडक्यात वर्णन कोणी केलं नसेल.

आम्ही फुटपाथवर उतरलो. सुनीता वाऱ्याला पाठ करून काडी पेटवतेय, ती विझतेय, ती पुन्हा पेटवतेय. एवढ्यात शिटी वाजली. ट्रॅफिक हवालदार.

"ओ काका! पुलावर गाडी थांबवायची नाही! चला, निघा! रिक्षा काढ रे!"

"साहेब, दोनच मिनिटं, आई उपाशी..."

"नाही म्हणजे नाही. इथे पूजा-बिजा चालणार नाही. लायसन दाखव रे तू!"

रिक्षावाला खिसे चाचपायला लागला. ओवाळणी राहिली तर आई घरी जाऊनही जेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोवर आई ताट घेऊन हवालदाराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"झिला, घरात थोरलो तू काय रे?"

हवालदार गोंधळला. "हो आजी. थोरलाच. का?"

"आवस खय आसा?"

"गावाला असते."

"मगे आज तुका कोणी ओवाळल्यान?"

त्याने शिटी तोंडातून काढली आणि टोपी सारखी केली. सुनीताचं निरांजन एकदाचं लागलं होतं. आईने चंद्राकडे एक नजर टाकली, खात्रीसाठी रिक्षावाल्याला विचारलं, "वो ही है ना?" (माझ्यावरचा विश्वास उडालेला होता.) त्याने हो म्हटल्यावर तिने हवालदाराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याला ओवाळलं. त्याने खाली वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"अम्मा, मैं भी घर में बड़ा हूँ," रिक्षावाला हळूच म्हणाला.

त्यालाही ओवाळलं. मग माझा नंबर लागला, आयुष्यात पहिल्यांदा तिसरा! आईने ताट वर धरलं तेव्हा तिचा घाम अजून सुकला नव्हता, पण चेहरा... तो चेहरा बघून मला रडू आलं. मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला त्या चंद्राहून माझी आई सुंदर वाटली. माणसाला उधाण येतं म्हणते ती, येतंच. तिला येतं तेव्हा ती पुलावरच्या परक्या पोरांची आई होते.

तांब्याच्या तळाशी घोटभर दूध उरलं होतं. सुनीताने तांब्या तिरपा धरला, त्यात चंद्र उतरला, आणि आई तो चंद्र पिऊन टाकून म्हणाली, "आता माका जेवूक वाढा."

"आणि माझं दूध?" मी विचारलं.

"तुझा आंगार आसा तां चाट," आई म्हणाली. हवालदाराने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसत होते.

तेव्हापासून कोजागिरीला आमची सगळी सोसायटी पुलावर चालत जाते. दुधाचं पातेलं माझ्याकडे देत नाहीत. भाषणही नाही. पण चंद्र दाखवायचा मान अजून माझाच आहे. मी चष्मा लावतो, हात वर करतो आणि म्हणतो, "तो बघा, आला!"

कोणीही हात जोडत नाही. सगळे वर बघत थांबतात. सगळ्यात पुढे आई असते, हातात ताट घेऊन. कोणी बंद करतंय का, ते बघत.