साबणाचा एक खोका

साबण कंपनीचा तो विक्रेता दरमहा मिरकरवाड्यातल्या माझ्या दुकानी येई. टार्गेट म्हणजे काय, असे मी एकदा विचारले.

"मुंबईच्या साहेबाला पंख्याखाली पडलेलं स्वप्न, काका."

"आणि स्कीम?"

"ते स्वप्न तुमच्या गळ्यात बांधायची दोरी."

त्या मे महिन्यात टार्गेट हुकले तर त्याची नोकरी जाणार होती. शेजारी नुकतेच दुकान थाटलेल्या विधवा काकींनी हे ऐकले.

"दहा खोके टाक रे माझ्याकडे. विकीन हळूहळू."

"पावसात पाघळतील, काकी. तुमचं नुकसान होईल," असे म्हणून त्याने टेम्पोतून एकच खोका उतरवला.

जूनमध्ये कंपनीने दुसरा माणूस पाठवला. त्याला मी चहा विचारला नाही.