जर्सीतला तो फोटो कोणी काढला

माझा एक फोटो आहे. अंगात फिलिपिन्सची जर्सी, पाठीवर (फोटोत दिसत नाही, पण आहे) 'साळवी'. शेजारी माझा मित्र करीम, त्याचा हात माझ्या खांद्यावर, दोघंही दात काढून हसतोय. माझ्याबद्दल जिथे कुठे चार ओळी छापून आल्या, तिथे हाच फोटो आला. तो काढला कोणी, हे कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. पप्पांना शेवटपर्यंत नाही. बायकोला नाही. आज तुला सांगतोय.

मराठीत का लिहितोय? खरं सांगू? माझ्याबरोबर खेळलेल्या एकालाही हे वाचता येणार नाही, म्हणून. म्हणजे कबूल करायला बसलो तरी आधी पळवाट बघून ठेवली. असा आहे मी. आता ऐक.

पप्पा गुहागरकडचे. अबू धाबीच्या मुसफ्फात एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. आई फिलिपिन्सची, इलोइलोजवळच्या एका गावातली, दुबईत दातांच्या दवाखान्यात असिस्टंट. दोघं भेटली कशी? पप्पांची दाढ दुखत होती, एवढीच लव्हस्टोरी. पप्पा चारचौघांत सांगायचे, दाढ गेली आणि बायको आली. आम्ही राहायचो दुबईतच, अल बर्शात. पप्पा आठवडाभर कंपनीच्या खोलीवर, वीकेंडला घरी. आई सासरच्यांसाठी हट्टाने मराठी शिकली होती, पण तिच्या भाषेत 'तो' आणि 'ती' असं वेगळं काही नाही म्हणे, त्यामुळे मराठीत कायम घोळ. मला विचारायची, "तू जेवली का?" स्वतः दारात उभी राहून म्हणायची, "मी आला." पप्पा पोट धरून हसायचे. मीही हसायचो, आणि उत्तर द्यायचो इंग्लिशमध्ये, इथली सगळी पोरं देतात तसं.

माझं तिच्यावर प्रेम नव्हतं का? होतं रे. खूप होतं. म्हणून तर हे सांगताना मला कुठे तोंड लपवायला जागा नाही.

फुटबॉल बरा खेळायचो म्हणून मला एका अकॅडमीत घेतलं. नाव सांगत नाही, अकॅडमीचा काही दोष नाही. बहुतेक पोरं मोठ्या घरची. करीम तिथलाच. लेबनीज, बापाचा मोठा बिझनेस, पण स्वभावाने एकदम दिलदार. हे लक्षात ठेव, करीम वाईट नव्हता. तर त्या पोरांना न्यायला आया यायच्या नाहीत, मेड यायच्या. बहुतेक फिलिपिनो. फिक्या रंगाचा ट्युनिक, त्याच रंगाची पँट. ग्राउंडच्या कुंपणाबाहेर एक बाक होता, तो त्यांचा. आईबाप आत कॅफेमध्ये बसायचे. तशी पाटी कुठे नव्हती, लावायची कोणाला गरजही पडली नाही.

आई दवाखान्यातून थेट यायची. आधी मेट्रो, मग बस. अंगावर दवाखान्याचा गुलाबी ट्युनिक.

कळलं ना तुला? मला तेव्हाच कळलं होतं. रोज मनात म्हणायचो, हिने निदान कपडे बदलून यावं. कधी बदलणार होती ती? बसमध्ये?

एके दिवशी ट्रेनिंग संपलं आणि करीम म्हणाला, तुझी नॅनी आलीय बघ. मी नुसती मान डोलावली — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी म्हणालो, "हो, नेहमी उशीरच करते ती." आणि बाकीची पोरं करायची तशी, न बघता, बॅग तिच्याकडे फेकली. तिने ती झेलली.

तिने ऐकलं होतं. पुढच्या ट्रेनिंगला ती कॅफेकडे वळलीच नाही, सरळ त्या बाकावर जाऊन बसली.

घरी आलो. मी वाट बघत होतो, आता ओरडेल, आता रडेल, पप्पांना सांगेल. तिने तिचं ते आंबट सूप केलं, पप्पांनी गावाहून आणलेली आमसुलं घालून. "तू जेवली का?" विचारलं. मी जेवलो.

मग एकदा मला ताप आला, ट्रेनिंग बुडलं. कोचने तिला गाठून विचारलं, परवा का नाही आला तो? ती अदबीने म्हणाली, "सरना ताप होता." सर! मेड मालकाच्या पोराला म्हणतात तसं. त्याच सकाळी तिच्याकडून डोक्याला तेल लावून घेऊन शाळेत गेलो होतो मी. मी तिथेच उभा होतो, पाण्याची बाटली तोंडाला लावून. पाणी कधीच संपलं होतं.

तू म्हणशील, अरे, लहान होतास. त्या वयात सगळ्यांनाच आईबापांची लाज वाटते. म्हणशील ना? मीसुद्धा दुसऱ्या कोणाला हेच म्हणालो असतो. एवढंच असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. थांब, मी मुद्द्यावर यायला वेळ लावतोय, माझं मलाच कळतंय.

पुढे एका क्लबने घेतलं. इथे जन्मलेल्या आमच्यासारख्या परदेशी पोरांनाही लीगमध्ये खेळता येतं, त्या वाटेने मी शिरलो. करीमही त्याच क्लबात. पगार बरा, बेंचवर बसणं जास्त. पण देशाकडून खेळायचं तर कुठल्या? पप्पांमुळे पासपोर्ट भारताचा. भारताच्या ज्युनिअर कॅम्पला एकदा बोलावणं आलं होतं. पप्पांनी मुसफ्फातल्या अख्ख्या वर्कशॉपला पेढे वाटले. कॅम्पवाले शेवटी म्हणाले, कळवतो. खलास. परत कोणी कळवलं नाही.

मग फिलिपिन्सकडून विचारणा झाली. त्यांच्या बायका जगभर कामाला गेलेल्या, त्यामुळे बाहेर वाढलेली त्यांची पोरं ते शोधत असतात. खेळ ठीकठाक असला तरी बघतात. फक्त आई त्यांची हवी. ऐकतोयस ना? फक्त आई त्यांची हवी.

त्यासाठी भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार होता. पप्पा त्या वीकेंडला माझ्याशी बोललेच नाहीत. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "खेळ बाबा. पाठीवर निदान साळवी लिही म्हणजे झालं."

कॉन्सुलेटमध्ये आई नवा ड्रेस घालून आली. लिपस्टिकसुद्धा लावलेली. काउंटरवरच्या माणसाने नातं विचारलं. तिने आधी तिच्या भाषेत सांगितलं, मग इंग्लिशमध्ये, मग काही गरज नसताना माझ्याकडे वळून मराठीत, "हा माझा मुलगा." एक चूक नाही. घरी घोकून आली होती की काय कोण जाणे. मागे रांगेतल्या बायका हसल्या, मलाही हसू आलं. त्या दिवशी मला वाटलं, झालं, मिटलं ते सगळं. इतकं सोपं वाटलं होतं!

पहिली मॅच इथेच, अबू धाबीत. पप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेले होते. टीमने प्रत्येकाला घरच्यांसाठी दोन पास दिले. आईने विचारलं, मला पास आहे का? मी म्हणालो, नवीन खेळाडूंना देत नाहीत. पास मी करीमला दिले, त्याला आणि त्याच्या बायकोला. का दिले? त्याने मागितले होते, हे खरं. पण एक त्याला देऊन एक आईला देता आला असता. मग ती दोघं शेजारी बसली असती, आणि त्याने विचारलं असतं, तू इथे कशी? क्लबात इतकी वर्षं मी त्याला सांगत आलो होतो की माझी आई फिलिपिन्सला असते. बघ, एका बॅगेवरून सुरू झालेलं कुठवर आलं होतं.

ती आलीच. चर्चच्या मैत्रिणींबरोबर, तिकीट काढून, वरच्या स्टँडमध्ये. राष्ट्रगीताचे शब्द मला येत नव्हते, मी नुसते ओठ हलवत होतो. वर कुठेतरी ती गात असणार, एवढं माहीत होतं. शेवटची काही मिनिटं मला मैदानात उतरवलं. एक क्रॉस बरा पडला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मॅच संपल्यावर बॅरिकेडपाशी करीमने मला मिठी मारली. त्याच्या मागून आई येत होती. अंगात जर्सी, तिला ढगळ होणारी, पाठीवर साळवी. डोळे रडून लाल झालेले. तिने दोन्ही हात पुढे केले होते. करीमने वळून पाहिलं आणि, तुला खोटं वाटेल, त्याला मनापासून आनंद झाला. "अरे, ही तुझी नॅनी ना? अजून तुमच्याकडेच आहे? आणि तुझी जर्सी घातलीय! हबीबी, काय गोड!"

आता बघ. मी काही आता पोरगा नव्हतो. दाढीमिशीचा बाप्या होतो, लग्नाचं बघत होते माझ्या. अंगात जी जर्सी होती ती मी हिच्या पोटी आलो म्हणून होती. दुसरं काही कारण नाही, माझा खेळसुद्धा नाही. दोन शब्द बोलायचे होते, माझी आई. करीम लाजला असता, शंभर वेळा सॉरी म्हणाला असता, तिला मिठी मारली असती. काही म्हणजे काही बिघडलं नसतं. मग कशाला घाबरलो मी? एवढी वर्षं शोधतोय. धड भीतीसुद्धा सापडत नाही रे, तिथे काहीच नाही.

आई माझ्याकडे बघत होती. थांबली होती ती. मी खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो. वर पाहिलं तेव्हा तिचे हात खाली गेले होते. ती म्हणाली, "येस सर. काँग्रॅच्युलेशन्स, सर."

करीमने स्वतःचा फोन तिच्या हातात दिला, आमचा एक काढ म्हणाला. तिने काढला. मग आणखी एक काढला, पहिला हलला असेल म्हणून.

त्यानंतर थोड्याच मॅचेस मिळाल्या. गुडघा गेला, बोलावणी थांबली, क्लबनेही सोडलं. आता दुबईतच, इंटरनॅशनल सिटीत राहतो आणि भाड्याच्या टर्फवर पोरांना शिकवतो. तिथेही जाळीबाहेर बायका बसलेल्या असतात. मी त्यांच्याकडे बघत नाही.

पप्पा गेले, मग आई इलोइलोला परतली. तिचा रोज फोन. रोज ठरवायचो, आज बोलू. मग म्हणायचो, हे फोनवर बोलायचं नाही, सुट्टीत जाऊ, समोर बसून बोलू, इन्शाल्ला. इथे एखादं काम करायचं नसलं की माणसं जसं इन्शाल्ला म्हणतात, तसं. मागच्या वर्षी ती झोपेतच गेली.

मी पोहोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. शवपेटीजवळ टेबल, मेणबत्त्या, आणि तो फोटो. मोठा करून, फ्रेम लावून. मामेबहीण मला कौतुकाने सांगायला लागली. आईने म्हणे अख्ख्या गावाला सांगितलं होतं की त्या दिवशी ती घरच्यांच्या जागेवर बसली होती, अगदी पुढे. मॅच संपल्यावर मी तिचा हात धरून सगळ्यांना भेटवलं, ही माझी आई म्हणून. मग फोटोत तू का नाहीस, असं कोणी विचारलं की म्हणायची, मी कशी असेन, मीच तर काढला. बहिणीने मला विचारलं, किती रडली असेल ना रे ती त्या दिवशी? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो, खूप रडली. आणि जे झालंच नव्हतं ते पुढे मीही रंगवून सांगितलं.

अजून एक राहिलंय. ते टाळूनच इथवर आलो.

मॅचनंतर टीमने मला घरी जायची परवानगी दिली होती. आईच्या मैत्रिणी बसने गेल्या, तिला मी माझ्या गाडीतून अल बर्शाला सोडणार होतो. पार्किंगमध्ये करीमची गाडी शेजारीच होती. आईने एकदा तिकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून मागे बसली. मी गाडी सुरू केली. करीमने हॉर्न वाजवून हात केला, आम्ही दोघांनी केला. अबू धाबी मागे पडलं. आरशात ती दिसत होती, माझ्यासाठी आणलेला डबा मांडीवर घेऊन बसलेली. मला वाटलं, आता विचारेल. विचारावंच तिने, असंही वाटलं.

तिने विचारलं. जरा पुढे वाकून, काळजीच्या सुरात, मराठीत.

"मी बरोबर बोलला ना?"

मी म्हणालो, "हो."