शीट आणि खुर्चीचा दाणा

"काका, हेपण पॉलीप्रॉपिलीनच आहे. डांबरात वितळवा आणि कोपरा उरकून टाका."

मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी परब गच्चीवर पिशवी घेऊन उभे. पिशवीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या बनवतात तो दाणा.

माझं काम वॉटरप्रूफिंगचं. आम्ही एपीपी शीट लावतो. म्हणजे डांबरात पॉलीप्रॉपिलीन मिसळून केलेला काळा जाड पट्टा. गॅसच्या टॉर्चने खालून तापवायचा, चिकटवायचा. तो टाकीजवळच्या कोपऱ्यात कमी पडला. त्याखाली सावंतवहिनींची आतली खोली. लेक मनाली बाळंतपणाला आलेली, आणि छत गळायचं ते नेमकं तिच्या पलंगावर. दिवस भरत आलेले.

"दाणा चालणार नाय," मी म्हटलं.

"का?"

"हाताला कळतं."

"तुमच्या हातावर कमिटी सही करत नाही हो. कारण सांगा."

मी चौथी पास. कारण कुठून आणू? पण माघार घेणारा मी नव्हे. शीटची एक पट्टी कापली. थोड्या डांबरात दाणा वितळवून तेवढीच दुसरी ओतली. गच्ची उन्हात फुगते, रात्री आकसते. वरचा थर तिच्याबरोबर हलला पाहिजे. म्हणून दोन्ही पट्ट्या वहिनींच्या फ्रिजमध्ये.

"अगो बाय! माझ्या बांगड्याच्या कालवणाशेजारी डांबर? फ्रिज तुम्हीच पुसून द्यायचा हां!"

गार झाल्यावर वाकवल्या. शीट वाकली. दाण्याची पट्टी कट्कन मोडली.

"दाणा खराब असेल," परब.

मनाली हसली. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. "दाणा उत्तम आहे, परबकाका. म्हणून तर कडक आहे."

मग तिने सांगितलं. दोन्हीकडे रसायन तेच. लांब साखळी, तिला बाजूने छोट्या शेपट्या. खुर्चीच्या दाण्यात सगळ्या शेपट्या एकाच अंगाला. त्यामुळे साखळ्या सारखा पीळ घेतात, एकमेकींना खेटून रचल्या जातात. माल कडक. शीटमध्ये घालतात त्यात बऱ्याचशा शेपट्या कशाही, डावी-उजवी. साखळ्या नीट रचल्याच जात नाहीत. माल मऊ राहतो, डांबरात मुरतो.

"म्हणजे बेशिस्त चांगली?" परब.

"गच्चीला. खुर्चीला नाही, बसलात तर वाट लागेल."

वर म्हणते, हा मऊ माल पूर्वी कारखान्यात टाकाऊ म्हणून बाजूला काढायचे.

"टाकाऊ?" मला राग आला. "ह्याच्यावर मी घर चालवलं, पोरी!"

परबांनी तिथूनच फोन लावून नवा रोल मागवला. मी कोपरा पुरा केला, विटांचा बांध घालून पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली जाऊन छताला हात लावून बघितलं. कोरडं. मनालीचा पोरगा आता त्याच पलंगावर झोपतो. झोपतो कसला, रडतो.

माल काय, जावई काय, नुसत्या नावावर घेऊ नये. आधी वाकवून बघावा.