चार मण्यांचा प्राणी

समजा, डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब तुम्ही काचपट्टीवर ठेवलाय. त्यावर पातळ काच अलगद टेकवा, एक डोळा मिटा, दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावा आणि बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवा. आधी सगळं धूसर. मग एकदम चपलेच्या तळव्यासारखा एक जीव गिरक्या घेत समोरून जातो. अख्खा देह म्हणजे एकच पेशी, पण घाई अशी की जणू गाडीच सुटतेय!

रफूवाल्या वहिनींना हे वेड लागलं पन्नाशीत. एका शाळेने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी आणला आणि दुकानातल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडला. कोटाला पडलेलं भोक ओळखूही येणार नाही असं बुजवलं, की वहिनी थेंब बघायला मोकळ्या.

महिन्याभरापूर्वी डबक्याच्या थेंबात त्यांना एक नवाच प्राणी दिसला. पारदर्शक मण्यांची माळ, संथ तरंगणारी. वहीत तारीख घालून त्यांनी चित्र काढलं. चार मणी. पुढच्या आठवड्यात पाच.

"वाढतोय गं!" त्या हरखून म्हणाल्या.

"वाढू दे. मोठा झाला की दुकानात बसवू," शेजारी इस्त्री करणारी धाकटी जाऊ म्हणाली.

आज सकाळी तो कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात दिसला. मग उकळून गार केलेल्या पाण्यातही. आता मात्र वहिनी चपापल्या. त्यांनी काचपट्टी सरकवली. पाण्यातला कचरा सरकला, माळ नाही. डोळ्याजवळचं भिंग गोल फिरवलं. त्यावर डाग असता तर तोही फिरला असता. माळ आपली तिथेच, संथ. शेवटी त्यांनी डावा डोळा लावला. माळ गायब. पुन्हा उजवा. आली.

प्राणी थेंबात नव्हताच. तो त्यांच्या उजव्या डोळ्यात होता.

वहिनींनी रफूला आलेल्या कपड्यांकडे पाहिलं. केसाएवढा धागा कापडाच्या विणीत मिसळायचा तो याच डोळ्याच्या भरवशावर.

"चेहरा का असा उतरला?" जावेने इस्त्री उभी ठेवली.

वहिनींनी सगळं सांगितलं.

"हात्तिच्या! पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की माझ्याही डोळ्यापुढे जाळी फिरते. वय झालं आपलं."

"तुझी वाढते का?"

"मी कशाला मोजत बसू?"

"मी मोजलंय ना!" इतक्या हौसेने लिहिलेली वही वहिनींना उघडवेना. चार, पाच, पाच, सहा.

जावेची थट्टा तिथेच थांबली. तिने फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली. "वही घेऊन यायची. टाळाटाळ केलीत तर दुकानाला कुलूप लावून ओढत नेईन."

दुपारपर्यंत काहीतरी करायचं म्हणून वहिनींनी सुई उचलली. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला, तरी जीव थाऱ्यावर येईना. डॉक्टरांना काय विचारायचं ते त्या मनात घोळवत राहिल्या: माळ खरंच वाढली, की रोज निरखून निरखून आधीपासूनचेच मणी मला आता दिसायला लागले?